वर्ल्ड बँकेचं लोन आपल्याला मिळतं का?

व्हिडिओखाली हा प्रश्न वारंवार येतो. "सर, एक जण म्हणतो वर्ल्ड बँकेचं बिनव्याजी लोन करून देतो, फक्त फाइलचे पैसे भरा." भरू नका! वर्ल्ड बँक दुकानदाराला थेट कर्ज देत नाही. ती सरकारला देते आणि फेडतंही सरकारच.

मग तो पैसा आपल्या बुलडाण्यात येतो कसा? तीन वाटा बघा.

१) पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ मध्ये वर्ल्ड बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत बुलडाणा होता. ठिबक, शेडनेट असं काम शेतकऱ्याने आधी करायचं, अनुदान नंतर खात्यात.

२) स्मार्ट प्रकल्प. २०१९ च्या डिसेंबरमध्ये २१ कोटी डॉलर मंजूर. हा शेतकरी कंपन्या आणि गटांच्या प्रक्रिया उद्योगांसाठी.

३) तेजस्विनी. रोमच्या आयफॅड संस्थेचं कर्ज, २००७ पासून 'माविम'मार्फत बचत गटांसाठी. त्यातून गट उभे राहिले, बँकेशी जोडले गेले. पण गटाने बँकेतून उचललेलं कर्ज गटालाच फेडावं लागतं, हे विसरू नका.

आता हिशोब. समजा तुमच्या शेतकरी कंपनीला ५० लाखांची डाळ मिल टाकायची आहे. स्मार्टमध्ये ६० टक्के अनुदान धरलं तर ३० लाख. उरलेले २० लाख तुमचे. अनुदानही एकरकमी नाही, काम दिसेल तसं टप्प्याने येतं. तोवर खिशातून चालवायचं. आणि मिल उभी राहिली तरी तूर घ्यायला रोख लागतेच! खरी अडचण इथेच येते. मशीन अनुदानातून येते, खेळतं भांडवल नाही.

गरिबी कमी होते का? माझं मत सांगतो. शेड बांधून होत नाही. खामगावच्या बाजारात तूर तशीच विकण्याऐवजी डाळ करून विकली आणि वरचा पैसा गावात राहिला, तर होते.

म्हणून फाइल करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: माल घेणार कोण, स्वहिस्सा कुठून, सहा महिन्यांचं खेळतं भांडवल किती. मग तालुका कृषी कार्यालयात किंवा 'आत्मा'त जाऊन अर्ज चालू आहेत का, ते स्वतः विचारा. मध्ये एजंट नको.

तिन्ही उत्तरं कमेंटमध्ये टाका, आपण हिशोब तपासू.