लेकीचं नाव ‘नकुशा’ कशाला?

बारशाच्या घरी केवढी गडबड असते, ते वाचकांना सांगायला नको. पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. त्याआधी आठ-आठ दिवस नावावर खल चाललेला असतो. आजीला देवीचं नाव हवं असतं, आईबापाला नव्या धर्तीचं. पण आपल्या पश्चिम महाराष्ट्रात मुलीचं एक नाव असं आहे, की त्याच्यासाठी खल करावा लागत नाही, अक्षर काढावं लागत नाही. ते नाव म्हणजे ‘नकुशा’.

कुठं नकुसा म्हणतात, कुठं नकोशी. अर्थ एकच. ‘नको’ या शब्दावरून पडलेलं हे नाव. जी नको होती ती नकुशा.

हे नाव सहसा पहिल्या मुलीला मिळत नाही. पहिली बेटी धनाची पेटी म्हणून तिचं कौतुक होतं. दुसरीलाही कसंबसं चांगलं नाव मिळतं. तिसरी किंवा चौथी झाली, की घरातलं कोणी तरी म्हणतं, “हिचं नाव नकुशा ठेवा, म्हंजी देवाला कळंल आता पोरगी नको. पुढच्या खेपेला मुलगा होईल.” म्हणजे नाव मुलीला, पण निरोप देवाला. आणि तो निरोप ती पोर जन्मभर अंगावर वागवते.

आता कोणी म्हणेल, वाईट नावं ठेवायची रीत तर जुनीच आहे. धोंडू, दगडू, केरबा, भिकू ही पुरुषांची नावं गावोगाव होतीच की. बरोबर आहे. पण त्यातला फरक नीट ध्यानात घ्या. मुलं जगत नसत त्या घरी असं नाव ठेवत. नजर लागू नये, काळानं हे तर धोंडा आहे म्हणून सोडून जावं, हा त्यामागचा भाव. पोर हवंहवंसं होतं म्हणून नाव नकोसं. नकुशाचं उलटं आहे. तिथं नावात आहे तेच मनात आहे. आणि धोंडो नावानं कोणाचं अडलंही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. धोंडो म्हटल्यावर कोणाला आपण नकोसे होतो असं वाटत नाही. नकुशा म्हटल्यावर मात्र शाळेत हजेरी घेताना रोज तेच ऐकावं लागतं.

हे नाव एखाद-दुसऱ्या घरापुरतं आहे असं समजू नका. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शोध घेतला, तेव्हा या नावाच्या तब्बल २८५ मुली निघाल्या. तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांनी ही नावं बदलण्याची कल्पना मांडली आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात या मुलींच्या नामकरणाचा समारंभ झाला. मुलींना नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं देण्यात आली. विशेष म्हणजे नावं त्यांच्या पसंतीची होती. कोणी सिनेमातलं ऐश्वर्या घेतलं, कोणी सावित्री, कोणी वैशाली. ज्या जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या, त्याच जिल्ह्यात मुलींना एकशे ऐंशी वर्षांनी हे दुसरं बारसं करून घ्यावं लागलं, हेही विसरता येत नाही.

तो काळच तसा होता. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ ला त्या ८९४ वर आल्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये देशात सर्वांच्या आधी केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला, तरीही हा आकडा घसरला. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांना नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही. नकुशा निदान जन्माला आली. पण दोन्हींच्या मागचा विचार एकाच मुळाचा आहे.

मग या नावानं खरंच मुलगा होतो का? काही वाचक म्हणतील, “आमच्या वळखीत झाला की.” झाला असेल. आता एवढा हिशेब करून बघा. नाव काहीही ठेवा, पुढच्या खेपेला मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मीच असते. नकुशाच्या पाठीवर मुलगा झाला, की ती गोष्ट गावभर होते. तिच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली, की कोणी ती गोष्ट सांगत बसत नाही. अशानं समजूत टिकते.

आणखी एक गोष्ट सासवांनी आणि सासऱ्यांनीही कानात साठवावी. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं. आईकडून बाळाला एक्स गुणसूत्र मिळतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पेरलं एक आणि उगवलं दुसरं म्हणून कोणी रानाला बोल लावत नाही. मग सुनेला का लावता?

हा रोग आपल्याकडचाच आहे असंही नाही. हरियाणाकडे मुलीचं नाव ‘भतेरी’ ठेवतात, म्हणजे आता पुष्कळ झाल्या. राजस्थानात ‘धापू’, म्हणजे पोट भरलं. तमिळनाडूत तिरुत्तणीच्या बाजूला ‘वेंडाम’ नावाच्या मुली आहेत, आणि वेंडाम म्हणजे चक्क ‘नको’. चीनमध्ये ‘झाओदी’ हे मुलीचं नाव आहे, त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आण’. भाषा निराळ्या, पण सांगावा तोच.

आता आपल्या मावळाकडे या. आपल्या मातीत बाईचं नाव असं नकोसं नव्हतं, याचा पुरावा मळवलीजवळ दगडात कोरलेला आहे. भाजे लेणी आपण पाहिली असतील, निदान पावसाळ्यात त्या वाटेनं गेला असाल. तिथं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला एक दानलेख आहे. दान देणारी कोण, तर ‘हलिकजाया’, म्हणजे नांगरकऱ्याची बायको. अभ्यासकांनी तिचं नाव ‘बाधा’ असं वाचलं आहे. ती कोणी राणी नव्हे. आपल्यासारख्याच कुणबाव्याच्या घरातली बाई. कार्ल्याच्या लेण्यातही कोडी नावाच्या भिक्षुणीच्या दानाचा लेख आहे आणि तिची ओळख घुणिकाची आई अशी दिलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या शेतकरणीचं नाव दगडावर कोरण्याजोगं वाटलं. आजच्या लेकीचं नाव कागदावर धड लिहावंसं वाटू नये, हे आपल्याला शोभतं का?

कागदाचं म्हटलं म्हणून कामाची माहिती सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही, नावाची जागा मोकळी ठेवता येते. पुढं आईवडिलांनी तोंडी किंवा लेखी सांगितलं की बारा महिन्यांपर्यंत फी न घेता नाव लागतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा रागाच्या भरात, दवाखान्यातून घरी येता येता तोंडाला येईल ते नाव सांगण्याची घाई करू नका. मोकळी जागा पुढं भरता येते, लागलेलं नाव बदलायला मात्र खेटे पडतात. शाळेत नाव गेलं, की जनरल रजिस्टरमधल्या बदलाला शिक्षण खात्याची परवानगी लागते. मुलगी मोठी झाली, की शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. मग आधार, बँक, रेशनकार्ड, सातबारा, एकेक दुरुस्त करत बसा. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे. १ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाचं नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहिलं जातं. निर्णय चांगलाच आहे. आईचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर मानानं आलं. पण ज्या घरात आईच नकुशा आहे, त्या घरात काय होईल, याचा विचार करा. २०११ साली शाळेत असलेल्या मुली आज लेकुरवाळ्या झाल्या आहेत. जिचं नाव तेव्हा बदललं ती सुटली. जिचं राहिलं तिच्या बाळाच्या दाखल्यावर, बाळाच्या नावाला लागूनच ‘नकुशा’ येणार. म्हणजे आजीनं केलेला नकार नातवंडाच्या नावात उतरणार.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब (आता ग्रामपंचायत अधिकारी), अंगणवाडी सेविका आणि आशाताई, आपणा सर्वांना एक विनंती आहे. आपल्या जन्मनोंदीच्या वहीवर, पटावर आणि मतदार यादीवर एकदा नजर फिरवा. अंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, असं नाव दिसलं तर त्या घरी जाऊन चार समजुतीच्या गोष्टी सांगा. गाजावाजा नको, त्या बाईला किंवा मुलीला ओशाळवाणं होईल असं काही नको. तिलाच विचारा, तुला कोणतं नाव आवडेल? मग कागद पुरे करून द्यायला मदत करा. वडगावला तालुक्याच्या कामाला आपण जाताच, त्याच खेपेत हेही काम होईल. आणि यापुढं कोणी बाप नोंदीला आला आणि हे नाव सांगू लागला, तर कायद्यानं आपल्याला नाही म्हणता येणार नाही. पण चहा पाजून, “दादा, नावाची जागा आज मोकळी ठेवू, घरी विचार करून या,” असं म्हणायला कोणता कायदा आडवा येतो?

आणि आयाबायांनो, आत्याबाईंनो, कानात कुर्रर्र करण्याचा मान तुमचा आहे. पोर ते नाव आयुष्यभर ऐकणार आहे. तिला हाक मारली की तिनं धावत यावं, असं नाव ठेवा.