रेडिओ बसविण्यापूर्वी खरखरीची परीक्षा

नवा रेडिओ घरात आला की बहुधा तो शोभेल अशा जागी ठेवला जातो. तेथे ऐकू कसे येईल, हा विचार मागाहून होतो. मग खरखर सुरू झाली म्हणजे दोष यंत्राला नाही तर केंद्राला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा घरातच दडलेला असतो. वादळाची सूचना ऐन वेळी या खरखरीत बुडाली, तर होणारी हानी रेडिओच्या किमतीत मोजता येत नाही.

खरखर दोन प्रकारची असते. पहिली निसर्गाची. आकाशात वीज चमकली की तिच्यातून रेडिओलहरी उठतात व मध्यम लहरींवर कडकडाट ऐकू येतो. तिला फारसा इलाज नाही. दुसरी मनुष्यनिर्मित. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांत विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडला व तोडला जातो. त्यातून निघणाऱ्या लहरी घरातील तारांवाटे पसरतात आणि ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यात शिरतात.

तेव्हा जागा ठरविण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. दिवे लागल्यानंतर बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्यावा आणि काटा दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी आणावा. मग घराचा मुख्य स्विच क्षणभर बंद करावा. इन्व्हर्टर असल्यास तोही. खरखर थांबली, तर उगम घरातच आहे. एकेक उपकरण पुन्हा सुरू करीत गेल्यास तो सापडतो. थांबली नाही, तर उगम शेजारी किंवा रस्त्यावरील तारांत शोधावा.

पुढे रेडिओ सावकाश फिरवून पाहावा. त्याच्या आतील फेराइटच्या दांड्याचे टोक ज्या दिशेला असते, तिकडील लहरी सर्वांत क्षीण येतात. केंद्र स्पष्ट राहील व खरखर दबेल, अशी बाजू धरावी. दोन्ही एकाच दिशेने येत असतील, तर जागाच बदलावी. चार्जरपासून चार-पाच फूट दूर सरकल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

शास्त्रज्ञही हेच करतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती उभारण्यापूर्वी मनुष्यनिर्मित गोंगाट कमी असलेला परिसर मुद्दाम निवडण्यात आला. घरच्या रेडिओसाठी इतका खटाटोप नको. पावसाळ्यापूर्वीची एक संध्याकाळ पुरे.