माकडतापाचा दोष माकडांवर नको

माकडं हाकलली की माकडताप जातो, ही समजूत अनेकांच्या मनात पक्की आहे. पण हा आजार माणसापर्यंत पोहोचवते ती गोचीड. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ जवळच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. माकडालाही तो गोचिडीच्या चावण्यातूनच मिळतो आणि वानर किंवा लाल तोंडाचं माकड त्याने मरतं. आपल्या आधी बळी पडून ते आपल्याला धोक्याची सूचना देतं. त्याला मारण्याने काहीच साधत नाही.

मेलेलं माकड मात्र खरोखर धोक्याचं असतं. शरीर थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात आणि तिथून जाणाऱ्याला चिकटतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, ओढून बाजूला टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा.

‘गोचीड चावली तर कळेलच की!’ हा भरवसाही फसवा आहे. माणसाला चावते ती बहुतेक वेळा पूर्ण वाढ न झालेली, तिळाहूनही लहान गोचीड, आणि तिचं चावणं दुखत नाही. तिचा सुळसुळाट डिसेंबर ते मे या काळात असतो. हा ताप जिथे आढळतो त्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यातल्या सत्तरीत काजूचा हंगामही याच काळात येतो. बोंडू वेचायला, लाकूडफाटा आणायला, पातेरा गोळा करायला माणसं रानात जातात, पाचोळ्यात बसतात. पोटासाठी जाणाऱ्यांना ‘जंगलात जाऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. त्यांना अंगभर कपडे आणि गोचीड दूर ठेवणारं तेल मिळायला हवं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी, अंग नीट तपासावं. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नये, बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी.

रोग्याजवळ बसल्याने हा ताप लागत नाही. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही, त्यामुळे घरच्या आजाऱ्याला वाळीत टाकण्याचं काहीच कारण नाही.

‘ताप उतरला, सुटलो’ असंही धरून चालू नये. शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटल्यावर ताप पुन्हा येतो. या वेळी सोबत तीव्र डोकेदुखी, कंप, नजरेत बिघाड अशी मेंदूशी निगडित लक्षणं असतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही, अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. तरीही वेळेवर दवाखान्यात पोहोचण्याने फरक पडतो, कारण रक्तस्राव आणि शरीरातलं पाणी कमी होणं तिथे सांभाळता येतं. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिलेली जुनी लस पुरेसं संरक्षण देईना म्हणून थांबवली गेली. नव्या लशीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने काम सुरू आहे.

हंगामात अचानक कडक ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं, तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू थेट सापडतो. उशीर झाला तर प्रतिपिंडांची वेगळी तपासणी करावी लागते.