गोळीबाराचा हुकूम कोणाचा?

एखाद्या शहरात दगडफेक झाली, दोन-चार दुकाने जळाली, की दुसऱ्याच दिवशी राज्यकर्त्यांच्या मुखातून एक वाक्य हमखास बाहेर पडते : राखीव दलाच्या जादा तुकड्या रवाना केल्या आहेत, परिस्थिती नियंत्रणाखाली आहे. नागरिकालाही ते ऐकून हायसे वाटते. नाक्यावर जाळीची गाडी उभी राहिली, ढाली घेतलेले जवान दिसू लागले, म्हणजे सरकार जागे आहे असा त्याचा समज होतो. या जवानांविषयी आमच्या मनात यत्किंचितही आकस नाही. सणासुदीला घरदार सोडून शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकणारी आणि मिळेल ते खाऊन रस्त्यावर ताटकळणारी ही माणसे शेतकऱ्यांची नि कष्टकऱ्यांचीच मुले आहेत. परंतु दलांची संख्या वाढविली की दंगली आवरतात, ही समजूत मात्र एकदा तपासून घेतली पाहिजे.

खास दलांची आपल्याकडे वाण नाही. जुन्या मुंबई राज्याने राखीव पोलीस दल उभारले ते १९४८ साली. १९५१ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. आज पुणे, दौंड, जालना, धुळे, अमरावती, सोलापूर, नागपूर, गोरेगाव अशा अनेक ठिकाणी त्याचे गट आहेत. पुढे केंद्राने आपल्या राखीव पोलीस दलातून द्रुत कृती दल वेगळे काढले. त्याच्या १० बटालियन ऑक्टोबर १९९२ मध्ये सज्ज झाल्या. २०१८ साली आणखी ५ बटालियनची भर पडली. निळा गणवेश, अश्रुधूर, दंगल शमविण्याचे खास शिक्षण, वेगाने पोहोचण्याची साधने! कागदावर पाहिले तर काही उणे नाही.

आता तारखांकडे पाहा. हे दल सज्ज होऊन पुरते दोन महिने झाले नाहीत तोच मुंबई पेटली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन पर्वांत ९०० माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने या मृत्यूंची कारणवार मोजदाद केली आहे. सुरीहल्ल्यात ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६. गुंडांच्या सुऱ्यांनी जितके बळी घेतले त्याहून ९ अधिक बळी सरकारी गोळीने घेतले! काही ठिकाणी गोळी झाडल्यावाचून गत्यंतर नव्हते, हे आम्ही मान्य करू. पण ३५६ वेळा? आयोगाचा अहवाल १९९८ साली विधिमंडळापुढे आला. त्यावर काय झाले हे वाचकांना आम्ही सांगावयास हवे काय?

त्या अहवालाच्या आदल्या वर्षीचीच गोष्ट. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त माणसे महामार्गावर आली. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली, आणि तिच्या गोळ्यांनी १० जणांचा बळी घेतला. गॅसचे टँकर पेटविले जाणार होते, असे समर्थन सरकारपक्षाने केले; न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटले नाही. पुढे २००९ साली, म्हणजे १२ वर्षांनी, सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. बाहेरून आलेल्या तुकडीला वस्ती परकी असते. कोण चिथावतो आहे, कोण दुःखाने ओरडतो आहे आणि कोण नुसता दाराशी उभा आहे, हे तिला कळावे कसे? ते ठाण्यातल्या हवालदाराला कळते. पण तो तोवर मागे सरलेला असतो.

भिवंडीचा दाखला येथे आठवावा. १९७० आणि १९८४ साली हे यंत्रमागांचे गाव दंगलीत होरपळले. १९८० च्या दशकाअखेरीस तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. शिपाई आणि दोन्ही समाजांचे रहिवासी एकत्र बसू लागले. नळावरचे भांडण, मिरवणुकीचा मार्ग, असल्या लहानसहान गोष्टी तेथे बोलल्या जात. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना तिच्या उंबऱ्यावरची भिवंडी शांत राहिली. जाणकार याचे श्रेय त्या समित्यांना देतात. सतरंजीवरच्या त्या बैठकांना किती खर्च आला असेल?

तरीही दले लागतीलच. मग त्यांना जाब विचारण्याची सोय तरी असू द्या. बेकायदा जमाव पांगविण्याचा हुकूम कोणी द्यावा, हे कायदा मोघम ठेवीत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमाने तो अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, ठाण्याच्या प्रमुखाला, अथवा त्याच्या गैरहजेरीत उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. म्हणजे प्रत्येक हुकुमाला एक नाव असलेच पाहिजे. प्रत्यक्षात काय दिसते? १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली हे बरे झाले; परंतु लाठी उगारण्याचा आदेश दिला कोणी, हाच वाद पुढे कित्येक दिवस चालला. ज्या मुंबईने १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी सांडलेले रक्त पाहिले, तिला हा प्रश्न नवा नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तुकडीबरोबर दंडाधिकारी अथवा स्थानिक ठाण्याचा जबाबदार अधिकारी गेलाच पाहिजे. गोळीचा हुकूम त्याच्या सहीने, वेळेसह, त्याच दिवशी नोंदला जावा आणि ती नोंद चौकशी आयोगाची वाट न पाहता प्रसिद्ध व्हावी. जवानाच्या छातीवरची नावाची पट्टी चिलखताखाली झाकली जाऊ नये. यापुढे जादा तुकड्या रवाना झाल्याचे सरकारी पत्रक हाती येईल, तेव्हा तुकड्यांचा आकडा आम्ही पाहणार नाही. त्यांच्याबरोबर कोण गेला, त्याचे नाव शोधू.