बेलोऱ्याचे डहाके: विदर्भाचे कवी, पण ‘मातीतले’ नव्हेत

यवतमाळचा कवी म्हटला की कापूस, कर्ज आणि वऱ्हाडी बोली हे ठरलेलेच, असा आपला समज. याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्यात ३० मार्च १९४२ रोजी जन्मलेल्या वसंत आबाजी डहाके यांनी ही चौकट मानली नाही. त्यांच्या कवितेत भेटते ते महानगर, भय आणि गर्दीत एकटा पडलेला माणूस. कदाचित म्हणूनच त्यांना ‘आपला कवी’ म्हणायला जिल्ह्याची जीभ जरा अडखळते.

शाळा चंद्रपुरात, एम.ए. नागपूर विद्यापीठातून. पुढे मराठीची प्राध्यापकी. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातही त्यांनी शिकवले.

‘योगभ्रष्ट’ म्हणजे काय?

१९६६ मध्ये या नावाची त्यांची दीर्घकविता ‘सत्यकथे’त आली. कवी तेव्हा चोविशीत. शब्द गीतेच्या सहाव्या अध्यायातला. साधना अर्धवट सुटलेल्या माणसाचे काय होते, तो फाटक्या ढगासारखा विरून जातो का, असे अर्जुन तिथे विचारतो. कृष्ण त्याला पुढच्या जन्माचा दिलासा देतो. आधुनिक माणसाला तसा दिलासा कोण देणार? रणजित होस्कोटे आणि मंगेश कुलकर्णी यांनी केलेला या कवितेचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘शुनःशेप’ या संग्रहाचे नावही असेच जुन्या कथेतले. यज्ञात बळी देण्यासाठी शंभर गायींच्या मोबदल्यात बापाने विकलेला हा मुलगा. यवतमाळमध्ये ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये.

प्राध्यापक डहाक्यांचे मोठे काम मात्र कवितेबाहेरचे. कवयित्री-समीक्षक पत्नी प्रभा गणोरकर, जया दडकर आणि सदानंद भटकळ यांच्यासह त्यांनी ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ संपादित केला. मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या, नेट-सेटची तयारी करणाऱ्या मुलांना तो आजही उपयोगी पडतो. वर्गात न बसताही त्यांच्याकडून शिकता येते ते असे.

‘चित्रलिपी’ला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ८५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेही चंद्रपुरात, म्हणजे शाळेच्या गावी.

वाचायला सुरुवात कुठून करावी? ‘योगभ्रष्ट’ लांब आहे, दमवते. आधी ‘चित्रलिपी’तल्या दोन-चार कविता वाचा, मग तिकडे वळा. घाई मात्र करू नका. ही कविता मोबाइलवर अंगठ्याने सरकवत वाचण्यासारखी नाही.