जबड्याचें दुखणें आणि योग्य शस्त्रवैद्याची निवड

डोळा दुखूं लागला तर नेत्रवैद्याकडे जावें, हाड मोडलें तर अस्थिवैद्याकडे जावें, हें आतां घराघरांतून सर्वांस ठाऊक झालें आहे. पण जबडा सुजला, तोंड उघडेनासें झालें किंवा गालाच्या आंतल्या बाजूस पडलेला व्रण भरून येईना, तर कोणाकडे जावें, या प्रश्नाचें उत्तर सुशिक्षित कुटुंबांतही चटकन मिळत नाहीं. कोणी नेहमींच्या दंतवैद्याचें नांव सुचवितो, कोणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचें, आणि आजीबाई लवंगेच्या तेलाचा बोळा पुढें करतात. या घोळांत आठ-पंधरा दिवस सहज निघून जातात. आणि तोंडाच्या कांहीं विकारांत हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. म्हणून या विषयाची थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या शाखेचें ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’ हें नांव लांबलचक आहे; आपण तिला मुख-जबड्याची शस्त्रक्रिया म्हणूं. तिला मोठी चालना मिळाली ती पहिल्या महायुद्धांत. खंदकांतील सैनिकांचे चेहरे गोळ्यांनीं छिन्नभिन्न होऊं लागले, तेव्हां हॅरल्ड गिलीज यांच्यासारख्या शस्त्रवैद्यांनीं दंतवैद्यांस बरोबर घेऊन ते पुन्हा घडविले; इंग्लंडांत सिडकप येथें १९१७ सालीं त्यासाठीं स्वतंत्र रुग्णालयच निघालें. या कामीं दंतवैद्याची गरज कां पडावी? मोडलेल्या जबड्याचे तुकडे नुसते जुळून भागत नाहीं; वरचे व खालचे दांत पूर्वीसारखे एकमेकांवर बसले पाहिजेत, नाहींतर रोग्याला घांस चावतां येत नाहीं. दांतांची ही घडी ज्याला कळते त्यानें जबड्याचें हाड बसवावें, हें या शास्त्राचें मूळ सूत्र होय.

आपल्याकडे हा शस्त्रवैद्य प्रथम बी. डी. एस. ही दंतवैद्यकाची पदवी घेतो आणि पुढें तीन वर्षें याच विषयाचा अभ्यास करून एम. डी. एस. होतो. मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वेडेवांकडे दांत सरळ करणारे, दांतांच्या मुळांवर उपचार करणारे, हिरड्यांचे तज्ज्ञ, हे सर्वच एम. डी. एस. असतात. म्हणून पाटीवरील अक्षरांवर समाधान न मानतां ‘आपला विषय कोणता?’ असें नम्रपणें विचारावें. १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांच्या राज्यवार नोंदणीची पद्धत घालून दिली. तेव्हां नोंदणीचा क्रमांक विचारण्यांतही संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां जावें केव्हां? अक्कलदाढेचें दुखणें सर्वांच्या परिचयाचें आहे. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असें नव्हे, आणि सरळ उगवलेली दाढ नेहमींचा दंतवैद्यही काढूं शकतो. परंतु खालची दाढ हाडांत आडवी अडकली असेल, तर तिच्या मुळांजवळून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावल्यास ओठ बधिर होतो. अशा वेळीं क्ष-किरण चित्र पाहून हें काम तज्ज्ञाच्याच हातीं द्यावें.

मूल हनुवटीवर आपटलें तर आपण हनुवटीची जखम पाहतों. पण आघात पोंचतो कानापुढील सांध्यापर्यंत. तो सांधा मोडून तसाच राहिला, तर पुढें जखडूं शकतो. मग तोंड उघडत नाहीं, जबड्याची वाढ खुंटते व चेहरा एका बाजूस कलतो. म्हणून जखम भरली तरी मुलाला तोंड पूर्ण उघडतां येतें कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. जबड्याखालीं दोन्ही बाजूंस सूज आली, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळवेना किंवा श्वास अडूं लागला, तर मात्र सकाळची वाट न पाहतां रोग्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावें; हा प्राणावरचा प्रसंग असतो.

सर्वांत अधिक सांगावयाचें आहे तें सुपारीविषयीं. जेवणानंतरचें खांड निरुपद्रवी, अशी आपली समजूत असते. परंतु सुपारीनें तोंडाची आंतली त्वचा पांढुरकी व ताठ होत जाऊन तोंड हळूहळू मिटत जातें. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनीं १९५३ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारी स्वतःच, तंबाखूवांचूनही, कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला. आपलीं तीन बोटें उभीं धरून दांतांमध्यें जातात कीं नाहीं, ही परीक्षा घरीं कोणासही करतां येईल. तिखट सोसेनासें होणें ही या विकाराची पहिली खूण असूं शकते.

तसाच व्रण, अथवा पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न झाल्यास दाखवावा, मग तो दुखत असो वा नसो. न दुखणारा व्रण अधिक फसवा. तज्ज्ञानें तुकडा काढून तपासावयास सांगितल्यास ‘सुरी लागली कीं रोग पसरतो’ या भीतीनें माघार घेऊं नये. त्या परीक्षेवांचून निदान पक्कें होत नाहीं. कर्करोग ठरल्यास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं निरनिराळे तज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवितात, तेथें जावें.

शस्त्रवैद्य निवडतांना चार प्रश्न विचारावे. ही शस्त्रक्रिया आपण नेहमीं करतां काय? न केल्यास काय होईल? भूल कोण देणार? खर्च अदमासें किती? जो शांतपणें उत्तरें देतो, त्याच्यावर विश्वास टाकावा. खर्च न झेपणाऱ्यांसाठीं मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. आपल्याकडूनही कांहीं लपवूं नये. मधुमेह, हृदयाची झडप बदललेली असणें, रक्त पातळ करणारीं औषधें, हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून घेतलेलीं इंजेक्शनें, हें सारें आधींच सांगावें. आणि कोणतेंही औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

एकत्र कुटुंबांत दुखणें बोलून दाखविण्याचेंही धैर्य लागतें. सासूबाईंची कवळी टोंचते, सुनेला भाकरी चावत नाहीं. पण ‘एवढ्याशा दांतासाठीं खर्च कशाला’ म्हणून दोघीही तें अंगावर काढतात, आणि वडीलधाऱ्यांची मिश्री वा सुपारी हा विषय तर कोणी काढीतच नाहीं. म्हणून घरच्या कर्त्या माणसांनीं महिन्यांतून एकदां, दिव्याच्या चांगल्या उजेडांत, प्रत्येकाचें तोंड पाहण्याचा परिपाठ ठेवावा, आणि जें माणूस सर्वांत कमी बोलतें त्याला आपण होऊन प्रथम विचारावें.