एकाच नावाचे दोन डबे

सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अर्धं आजीकडून आलंय आणि अर्धं हॉस्टेलमधून! तरी हा विषय मराठीतच लिहायचा ठरवला, कारण रात्री दोन वाजता एरर आला की आपण सगळे ओरडतो मराठीतच.

आमचा मिनी प्रोजेक्ट सेलू तालुक्यातल्या माझ्या मामाच्या कपाशीसाठी होता. जमिनीतला ओलावा मोजायचा आणि रास्पबेरी पाय झिरोवर एसक्यूलाइटमध्ये साठवायचा. म्हणजे रात्री लाइन आली की मोटर सुरू करायला उठायचं की झोपायचं, हे मामाला कळेल. पाय झिरोला कोर एकच, रॅम 512 एमबी. आणि एसक्यूलाइटचा सोर्स म्हणजे दोन लाखांहून जास्त ओळींची एक सी फाइल! ती पायवरच कंपाइल करायला लावली, मेसमध्ये जेवून आलो, तरी चालूच. मग ठरलं, लॅपटॉपवर कंपाइल करायचं आणि तयार फाइल पायवर न्यायची. यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात. ही काही नवी गंमत नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं 1991 मध्ये परम 8000 बनवला, त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. त्यांचे प्रोग्रामही सहसा दुसऱ्या संगणकावर तयार करून मग आत भरले जायचे.

आता माझा पराक्रम ऐका. पायसाठी तयार केलेली लिबएसक्यूलाइट मी लॅपटॉपच्याच सिस्टिम डिरेक्टरीत, जुन्या फाइलवर कॉपी केली. नाव सेम होतं ना! दुसऱ्या दिवशी डेटाबेसचं सबमिशन, आणि पायथन एसक्यूलाइट उघडेचना. 'राँग एल्फ क्लास'. म्हणजे 64 बिटच्या लॅपटॉपला मी 32 बिटची आर्म लायब्ररी खाऊ घातली होती. रात्रभर जागून पॅकेज परत टाकलं.

आजीच्या स्वयंपाकघरात मिठाचे दोन डबे आहेत. एकात रोजचं मीठ, दुसऱ्यात उपवासाचं सैंधव. झाकणावर नाव एकच, पण उपवासाचा डबा वरच्या फळीवर. एकादशीला आजी खालच्या फळीला हातच लावत नाही. क्रॉस-कंपाइलमध्ये या वरच्या फळीला सिसरूट म्हणतात. पायच्या कार्डवरच्या /लिब आणि /यूएसआर जशाच्या तशा लॅपटॉपवर एका वेगळ्या डिरेक्टरीत आणायच्या आणि कंपायलरला सांगायचं, बाबा रे, तुझं जग इथून सुरू होतं.

आम्ही होममध्ये 'पाय' नावाची डिरेक्टरी केली, आत चार घरं: टूल्स, सोर्स, बिल्ड, सिसरूट. सोर्समध्ये काही कंपाइल करायचं नाही. बिल्ड केव्हाही उडवता आली पाहिजे. खरी मेख इन्स्टॉलमध्ये आहे. प्रीफिक्स द्यायचा तो पायवरचा पत्ता, म्हणजे /यूएसआर/लोकल. आणि इन्स्टॉल करताना डेस्टडिरमध्ये सिसरूटचा पत्ता. आम्ही आधी प्रीफिक्समध्येच माझ्या होमचा पत्ता टाकला होता. तो पॅकेजच्या पोटात छापला गेला आणि पायवर तो पत्ता कुठून असणार? पीकेजी-कॉन्फिगचंही तसंच. 'पाथ' व्हेरिएबल नेहमीच्या जागांमध्ये फक्त भर घालतं, 'लिबडिर' त्या बदलून टाकतं. आपल्याला दुसरंच हवं, नाहीतर ते गुपचूप लॅपटॉपची लायब्ररी उचलून देतं. सिसरूटमधल्या सिमलिंकही तपासा. '/' पासून सुरू होणारी लिंक असेल तर ती सरळ लॅपटॉपच्या /लिबमध्ये घुसते! त्या रिलेटिव्ह करून घ्याव्या लागतात.

पूर्वी बऱ्याच लिनक्सवर /लिब आणि /लिब64 अशा दोनच फळ्या असत. उबुंटूनं 2011 मध्ये आणि डेबियननं 2013 मध्ये मल्टिआर्च आणलं, म्हणजे /यूएसआर/लिबच्या आत प्रत्येक प्रोसेसरच्या जातीची वेगळी डिरेक्टरी. मला वाटलं, सुटले! पण इथंच सगळ्यात जास्त फसलो. उबुंटूचा 'आर्मएचएफ' कंपायलर आणि पायचा 'आर्मएचएफ', डिरेक्टरीचं नाव अगदी सेम. लिंक बिनतक्रार झालं, पायवर चालवलं तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. उबुंटू-डेबियनचा आर्मएचएफ असतो आर्मव्ही7 साठी, पाय झिरोचा प्रोसेसर आर्मव्ही6. फ्लॅग बदलूनही भागेना, कारण कंपायलरसोबत येणारे सुरुवातीचे तुकडेच व्ही7 चे. 'फाइल' कमांड दोन्हीला नुसतं 32 बिट आर्म म्हणते. 'रीडएल्फ' मध्ये कॅपिटल ए चा पर्याय दिला तेव्हा व्ही7 दिसलं. डब्याचं नाव वाचून चालत नाही, चाखून बघावं लागतं, असं माझी पार्टनर म्हणाली. मग व्ही6 साठी बनवलेला कंपायलर टूल्समध्ये आणला आणि बिल्ड डिरेक्टरी उडवून पहिल्यापासून सुरुवात केली. व्हायव्हाला तीन दिवस उरले होते.

शनिवारी पाय शेतात लावला. कपाशीच्या ओळीत उभं राहून मामानं ती डबी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "इतक्याशा डब्बीसाठी महिनाभर जागून राह्यल्या होत्या काय वं तुम्ही?"